मेरुरज्जूची तीव्र इजा : औषधांच्या प्राणिचाचण्या

मेरुरज्जूला (पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला) इजा झाल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत वा दिवसांत द्यावयाच्या औषधांचा गुण माणसाआधी प्राण्यांवर अजमावण्याच्या पद्धतीचा विचार या नोंदीत केला आहे. 'तीव्र' हा शब्द येथे इजेची गंभीरता नव्हे, तर तिचा ताजेपणा दर्शवितो. आघाताच्या क्षणी तुटलेले तंतू औषधाने जोडले जात नाहीत. परंतु त्यानंतर रक्तस्राव, सूज, रक्तपुरवठ्यातील घट, कोशिकापटलातील मेदांचे ऑक्सिडीभवन आणि दाह यांमुळे जी दुय्यम हानी होत जाते ती काही अंशी रोखता येईल, हे या चाचण्यांमागील गृहीतक होय.

पद्धतीचा आरंभ सामान्यतः अमेरिकन तंत्रिकावैद्य ॲल्फ्रेड रेजिनाल्ड ॲलन यांच्या १९११ मधील प्रयोगांपासून धरतात. त्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, श्माउस यांनी सशांच्या पाठीवर फळी ठेवून तीवर आघात केल्याचे उल्लेख आढळतात, त्यामुळे अग्रक्रमाबाबत मतभेद संभवतो. तथापि आघाताचे माप ठरवून तोच आघात पुन्हा पुन्हा करता येणे ही कसोटी मानल्यास ॲलन यांच्याकडे अग्रक्रम देणे अधिक युक्त वाटते. त्यांनी कुत्र्यांच्या मणक्यांची मागील कमान काढून उघड्या केलेल्या मेरुरज्जूवर ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडले. रज्जूला मध्यभागी छेद देऊन साचलेले रक्त व द्रव बाहेर काढल्यास प्राणी अधिक सुधारतात, हे त्यांचे निरीक्षण होते. त्यावरून एखादा अपायकारक रासायनिक घटक तेथे साचत असावा, असे अनुमान त्यांनी पुढे मांडले. दुय्यम हानीच्या कल्पनेचे मूळ बहुधा येथेच आहे.

ॲलन यांच्या पद्धतीतून रूढ झालेले ग्रॅम-सेंटीमीटर हे माप मात्र दीर्घकाळ घोटाळ्याचे ठरले. १० ग्रॅम वजन ४० सेंमी. उंचीवरून आणि ४० ग्रॅम वजन १० सेंमी. उंचीवरून सोडले, तर दोन्ही आघात ४०० ग्रॅम-सेंटीमीटरच भरतात. परंतु दुसऱ्या आघाताचा संवेग पहिल्याच्या दुप्पट असतो. शिवाय रज्जू किती दबली, वजन आदळून उसळले काय आणि श्वासोच्छ्वासाबरोबर पाठीचा कणा हलला काय, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्यामुळे एकाच आकड्याखाली नोंदविलेल्या इजा वस्तुतः निरनिराळ्या असत आणि औषधाचा गुण व इजेतील फरक यांची गल्लत होई. १९७८ मध्ये टोराँटो येथे रिव्हलिन व टेटर यांनी ज्ञात दाबाच्या चिमट्याची पद्धत मोठ्या उंदरांत, म्हणजे रॅटमध्ये, वापरली. न्यूयॉर्क विद्यापीठात तयार झालेल्या उपकरणात १० ग्रॅमची दांडी १२.५, २५ किंवा ५० मिमी. उंचीवरून पडते आणि तिची गती व रज्जू किती दबली हे प्रत्येक वेळी नोंदविले जाते. प्राणिचाचण्यांना खरी शिस्त या नोंदीमुळे आली, असे म्हणता येईल.

मूल्यमापनासाठी १९९५ पासून बासो, बीटी व ब्रेस्नाहन यांची ० ते २१ गुणांची श्रेणी प्रचलित आहे. प्राण्याला कोणते औषध मिळाले हे ठाऊक नसलेले दोन निरीक्षक मोकळ्या जागेत चार मिनिटे त्याच्या मागच्या पायांची हालचाल पाहतात. मध्यम इजेनंतर रॅट औषधाविनाही बरेच सुधारत असल्याने नियंत्रण गट, म्हणजे औषध न दिलेल्या प्राण्यांचा तुलनेचा गट, अपरिहार्य ठरतो. मूत्राशयावरील ताबा परत येईपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा ते हाताने रिकामे करावे लागते. ही शुश्रूषा कमी पडल्यास प्राणी यातना भोगतो आणि निष्कर्षही बिघडतात.

प्राणिचाचण्यांतून रुग्णांपर्यंत पोहोचलेल्या औषधांचे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण म्हणजे मेथिलप्रेडनिसोलोन हे दाहशामक स्टेरॉइड होय. मांजरांवरील प्रयोगांत हॉल व ब्रॉग्लर यांना शरीरवजनाच्या दर किग्रॅ.ला ३० मिग्रॅ. ही मात्रा मेदांचे ऑक्सिडीभवन रोखण्यास उपयुक्त आढळली. मात्रा ६० मिग्रॅ. केल्यास गुण वाढण्याऐवजी घटत असे. तीच ३० मिग्रॅ.ची मात्रा १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील दुसऱ्या राष्ट्रीय चाचणीत रुग्णांना दिली गेली. लाभ मुख्यत्वे पहिल्या आठ तासांत उपचार मिळालेल्यांत दिसला आणि या उपगटाच्या विश्लेषणावरच पुढे आक्षेप आले. अमेरिकन तंत्रिकाशल्यचिकित्सकांच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना औषधाच्या विरोधात आहेत, तर २०१७ च्या एओ स्पाइन या कणाशल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सूचना आठ तासांच्या आत ते एक पर्याय म्हणून मान्य करतात. १९९० च्या त्याच चाचणीतील नॅलॉक्सोन या अफूजन्य द्रव्यांचा परिणाम रोखणाऱ्या औषधालाही मांजरांवरील प्रयोगांचा आधार होता.

प्राण्यांतील निष्कर्ष माणसांत न टिकण्याची कारणे अंशतः रचनेत आहेत. मेंदूकडून हालचालीचे आदेश खाली नेणाऱ्या प्रमस्तिष्क-मेरू तंतुमार्गाचा मोठा भाग रॅटमध्ये रज्जूच्या पृष्ठीय (मागील) स्तंभात असतो, तर माणसात तो मुख्यतः पार्श्व (बाजूच्या) स्तंभात असतो. इजेच्या जागी रॅटमध्ये माणसाप्रमाणे पोकळी निर्माण होते. माउसमध्ये, म्हणजे लहान उंदरात, ती जागा बहुधा तंतुमय ऊतकाने भरते. यांहून वेळेचे कारण अधिक वजनदार दिसते : प्रयोगशाळेत भूल उतरण्यापूर्वीच औषध देता येते, रुग्ण मात्र तासांनी रुग्णालयात पोहोचतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय तंत्रिकाविकार व पक्षाघात संस्थेने निधी दिलेल्या पुनरावृत्ती-प्रकल्पात आधी यशस्वी म्हणून प्रसिद्ध झालेले अनेक प्रयोग पुन्हा करून पाहिले असता बहुतेकांचे निष्कर्ष पूर्णतः जुळले नाहीत. मणक्यांमधील चकती सरकून नैसर्गिकरीत्या पंगू झालेल्या पाळीव कुत्र्यांवरही, विशेषतः डॅक्सहुंड जातीत, अशा चाचण्या होतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका चाचणीत मेथिलप्रेडनिसोलोन व पॉलिएथिलीन ग्लायकॉल यांपैकी कशाचाही लाभ आढळला नाही.