ई-लर्निंगचे मूल्यमापन : प्रश्न आधी कोणी ठरवले?

महाविद्यालयात एखादा ऑनलाइन उपक्रम संपला की दुसऱ्या दिवशी गुगल फॉर्म फिरतो. कोर्स आवडला का, शिकवलेले समजले का, एक ते पाचपैकी किती गुण द्याल? विद्यार्थी सगळीकडे चारवर टिचकी मारून मोकळे होतात. त्यातून निघालेले रंगीत आलेख आयक्यूएसीच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, फायलीत जातात आणि महाविद्यालयांना मानांकन देणाऱ्या नॅकची तपासणी आली की बाहेर निघतात. उच्च शिक्षणात ई-लर्निंगचे मूल्यमापन म्हटले की आज आपल्यासमोर एवढेच येते. पण या विषयाला बराच जुना आणि बऱ्यापैकी वादाचा इतिहास आहे. मूल्यमापनाचा आराखडा करायला बसण्याआधी तो माहीत असलेला बरा, कारण आज आपण जे प्रश्न नवे म्हणून विचारतो त्यांतले निम्मे पन्नास वर्षांपूर्वी विचारून झाले आहेत.

त्या फॉर्मचे मूळ शिक्षणात नाही, कारखान्यांतल्या आणि कंपन्यांतल्या प्रशिक्षणात आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षकांच्या एका नियतकालिकात लेखमाला लिहून प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. शिकणाऱ्याला ते कसे वाटले, तो काय शिकला, त्याच्या वागण्यात काय बदलले आणि शेवटी संस्थेच्या पदरात काय पडले. पहिली पायरी सर्वांत स्वस्त आणि सोपी, म्हणून बहुतेक जण तिथेच थांबतात. कर्कपॅट्रिक यांनी तिथे थांबा असे मुळीच सांगितले नव्हते.

विद्यापीठात शिकवायला संगणक आला तो १९६० मध्ये, इलिनॉय विद्यापीठात. डोनाल्ड बिट्झर यांनी तिथे ‘प्लेटो’ ही संगणकावर शिकवण्याची यंत्रणा सुरू केली. सत्तरच्या दशकापर्यंत तिच्या पडद्याला बोट लावून उत्तर देता येत होते. त्याच सुमारास माइटर ही संस्था आणि ब्रिगहॅम यंग विद्यापीठ यांनी मिळून ‘टिकिट’ नावाची दुसरी यंत्रणा उभी केली. छोटा संगणक आणि दूरचित्रवाणी संच यांचा तो मेळ होता. दोन्हींना अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने पैसा पुरवला आणि तपासणीचे काम बाहेरच्या संस्थेकडे, एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसकडे सोपवले. परदेशी शिकायला जाणारी आपली मुले जीआरई देतात, ती घेणारी हीच संस्था. १९७७ आणि १९७८ मध्ये तिचे अहवाल आले.

टिकिटचा निकाल विचित्र लागला. कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत, या यंत्रणेवर गणित शिकून ज्यांनी अभ्यासक्रम पुरा केला, त्यांचे गुण नेहमीच्या वर्गातल्या मुलांपेक्षा चांगले होते. पण पुरा करणारेच फार थोडे निघाले. नेहमीच्या वर्गात त्याहून कितीतरी जास्त मुले शेवटपर्यंत टिकली. प्लेटोबाबत मुले आणि शिक्षक दोघेही खूश होते, गुणांत मात्र ठामपणे बोट ठेवावे असा फरक सापडला नाही. तपासणी शिस्तीत झाली होती, आकडेही खरे होते. अडचण प्रश्नात होती. टिकिटवर विद्यार्थ्याने आपल्या गतीने, आपल्याला हव्या त्या क्रमाने शिकावे अशी योजना होती आणि कॉलेजचे सत्र ठरलेल्या तारखेला संपत होते. त्या सत्राच्या फूटपट्टीने मोजल्यावर दुसरे काय हाती लागणार? मागे पडणाऱ्या मुलाला कोणी हटकायचे, हा प्रश्न आराखड्यात आधी असता तर अहवाल वेगळा झाला असता.

ब्रिटनने याच काळात वेगळी वाट धरली, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला तो सर्वांत वाचनीय भाग आहे. १९७२ मध्ये एडिंबरा विद्यापीठातल्या माल्कम पार्लेट आणि डेव्हिड हॅमिल्टन यांनी एका निबंधात शिक्षणातल्या तपासणीवर झोड उठवली. शेतात दोन वाफ्यांना वेगवेगळे खत घालून पीक मोजतात तसे वर्ग मोजता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. नवा उपक्रम प्रत्यक्ष वर्गात गेल्यावर त्याचे काय होते, शिक्षक त्याला कसे वळण देतो, मुले त्यातून कशी पळवाट काढतात, हे तिथे बसून पाहिले पाहिजे. दुसऱ्याच वर्षी सरकारने संगणकसाहाय्यित अध्ययनाचा राष्ट्रीय विकास कार्यक्रम सुरू केला. १९७३ ते १९७७ हा त्याचा काळ, रिचर्ड हूपर त्याचे संचालक आणि खर्च सुमारे २५ लाख पौंड. या कार्यक्रमाच्या मूल्यमापनाची सोय आरंभीच केलेली होती, तीही दोन स्वतंत्र गटांकडे.

एक गट ईस्ट अँग्लिया विद्यापीठातला, बॅरी मॅकडोनाल्ड यांचा. त्याचे नाव ‘अन्कॅल’. या गटाने प्रकल्प चालू असलेल्या विद्यापीठांत जाऊन प्रत्येकाचे शब्दचित्र लिहिले. कोण उत्साही होते, कोणाला हे लादलेले वाटत होते, कार्यक्रम कागदावरच्या उद्दिष्टांपासून कुठे सरकला. मॅकडोनाल्ड यांना एक प्रश्न सतत टोचत असे. मूल्यमापक कोणासाठी काम करतो? पैसे देणाऱ्या अधिकाऱ्याला हवे ते काढून देणारा, तज्ज्ञ म्हणून निवाडा सुनावणारा, की सगळ्या संबंधितांना एकमेकांची बाजू कळावी म्हणून माहिती फिरवणारा? त्यांनी तिसरी बाजू घेतली आणि तिला लोकशाही मूल्यमापन म्हटले. ज्याच्याबद्दल लिहिले आहे त्याला मजकूर आधी दाखवायचा, हा त्यातला भाग. आपल्याकडच्या विभागप्रमुखांना हे सुचवून बघावे!

याच गटातल्या स्टीफन केमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की ‘संगणकावर शिकणे’ ही एक गोष्ट नव्हे. कुठे संगणक घोटवून घेतो, कुठे तो प्रयोगाचे नमुने दाखवून विद्यार्थ्याला हळूहळू उलगडा करू देतो, कुठे विद्यार्थी स्वतःचा तर्क त्यावर तपासतो आणि कुठे तो फक्त किचकट आकडेमोडीतून मोकळे करतो. चारही गोष्टी एकाच चाचणीने तपासणे व्यर्थ. दुसरा गट हिशेबाचा. जॉन फिल्डेन आणि फिलिप पिअर्सन यांनी खर्च तपासला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडला की संगणकामुळे शिकवणे स्वस्त होत नाही, तो आधीच्या खर्चावर चढणारा जादा खर्च आहे. यानंतरही प्रत्येक नव्या लाटेत, अगदी आपल्याकडेसुद्धा, तंत्रज्ञानाने खर्च वाचेल हे गृहीतच धरले गेले.

भारतात नेमके याच काळात ‘साइट’ हा उपग्रहावरून दूरचित्रवाणीने शिकवण्याचा प्रयोग झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवली गेली. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. हा प्रयोग खेड्यांसाठी आणि प्राथमिक शाळांसाठी होता, उच्च शिक्षणाशी त्याचा थेट संबंध नाही. तरी तो इथे सांगायलाच हवा, कारण अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमधल्या समाजशास्त्रज्ञांनी प्रक्षेपणाआधी, चालू असताना आणि नंतर अशा तिन्ही वेळी पाहणी करायचे ठरवून ठेवले होते. मानवशास्त्राचे अभ्यासक काही खेड्यांत मुक्कामाला राहिले. उपग्रह आणि संच यांच्याइतकेच गांभीर्याने मूल्यमापनाकडे पाहणारा इतका मोठा कार्यक्रम आपल्या उच्च शिक्षणात पुढे झालेला मला दिसत नाही.

पुढचे प्रयत्न कमी नव्हते. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केला आणि त्यासाठी कार्यक्रम तयार करणाऱ्या केंद्रांत पुणे विद्यापीठाचे ईएमआरसी, म्हणजे शैक्षणिक माध्यम केंद्र, होते. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. सप्टेंबर २००४ मध्ये खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडला गेला, प्रायोगिक टप्प्यात नाशिकचे मुक्त विद्यापीठही होते. २०१० मध्ये उपग्रहाचे आयुष्य संपले. त्याची झाडाझडती घेतली ती कोणा शिक्षणशास्त्रज्ञाने नव्हे, नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, २०१३ मध्ये. जाळे उभारायला झालेला उशीर, कार्यक्रमांचा तुटवडा आणि अपुरा वापर त्यात नोंदला गेला. लेखापरीक्षण आपले काम करते, पण ते पैसे कुठे अडले हे सांगते. विद्यार्थ्याचे काय झाले हे शोधणे त्याच्या कक्षेत येत नाही.

इकडे अमेरिकेत माध्यमांच्या तुलनेचा वाद टिपेला गेला होता. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये ठणकावले की किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे जसे आपले पोषण बदलत नाही, तसे माध्यमामुळे शिकणे बदलत नाही, बदलते ते शिकवण्याच्या पद्धतीमुळे. रॉबर्ट कोझमा यांनी त्याला उत्तर दिले आणि तो वाद दहा वर्षांहून अधिक चालला. १९९९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या थॉमस रसेल यांनी ‘लक्षणीय फरक नाही’ असे सांगणारी ३५५ संशोधने आणि अहवाल एकत्र करून छापले. आपल्याकडे आजही ‘ऑनलाइन विरुद्ध ऑफलाइन’ असे मथळे घेऊन पीएच.डी.चे आराखडे सादर होतात. मार्गदर्शकांनी त्या ३५५ची यादी एकदा चाळायला द्यावी.

ब्रिटनमध्ये १९९२ नंतर अध्यापनात तंत्रज्ञान आणण्याच्या टीएलटीपी नावाच्या मोठ्या सरकारी योजनेतून पहिल्या दोन टप्प्यांत ७६ प्रकल्प निघाले. त्यांतला ग्लासगो विद्यापीठाचा ‘टिल्ट’ आराखड्याच्या दृष्टीने महत्त्वाचा. तिथल्या गटाने सॉफ्टवेअर प्रयोगशाळेत तपासले नाही, चालू वर्गात तपासले. आधी प्राध्यापकाशी बसून तुम्हाला नेमके काय जाणून घ्यायचे आहे हे लिहून घ्यायचे. मग प्रत्येक उद्दिष्टापुढे विद्यार्थ्याला किती आत्मविश्वास वाटतो ते विचारायचे, छोटी चाचणी घ्यायची आणि एक माणूस वर्गात उभा राहून पाहणार. स्टीफन ड्रेपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये लिहिले की यातून सर्वांत उपयोगी सूचना निघाल्या त्या सॉफ्टवेअरबद्दलच्या नव्हत्याच. प्रात्यक्षिकाआधी व्याख्यान हवे की नंतर, कामाला परीक्षेत गुण आहेत की नाहीत, हातात छापील टिपण दिले का, अशा अभ्यासक्रमात बसवण्याच्या गोष्टी होत्या त्या. एडिंबरातल्या हेरियट-वॅट विद्यापीठातून १९९८ मध्ये एक पुस्तिका निघाली, तिची मांडणी चक्क पाककृतींच्या पुस्तकासारखी होती. प्रत्येक पद्धतीला किती वेळ लागेल, सामान काय लागेल, कुठे बिघडेल. तपासणी म्हणजे संशोधकाचे काम, ही भीती अशाने कमी होते.

इतका अनुभव गाठीशी असलेल्या त्याच देशाने २००० मध्ये ‘यूके ई-युनिव्हर्सिटी’ची घोषणा केली. २००३ मध्ये अभ्यासक्रम सुरू झाले आणि २००४ मध्ये सगळे गुंडाळले गेले. खर्च सुमारे ५ कोटी पौंड, विद्यार्थी सुमारे ९००, तर उद्दिष्ट होते ५,६००. संसदीय समितीने २००५ च्या अहवालात कारण सांगितले की शिकणाऱ्यांना काय हवे हे न पाहता आधी मंच उभारला गेला.

मूक्सच्या, म्हणजे कोणालाही नोंदणी करता येणाऱ्या खुल्या ऑनलाइन कोर्सेसच्या, लाटेने आकड्यांचा पूर आणला. एमआयटीच्या विद्युतमंडलांच्या पहिल्या खुल्या कोर्सला २०१२ मध्ये १,५४,७६३ जणांनी नोंदणी केली आणि ७,१५७ जण उत्तीर्ण झाले. बातम्यांत ‘पाच टक्केच’ असे आले. पण नोंदणी ही फुकट टिचकी होती. एकदा डोकावून गेलेला आणि सगळे गृहपाठ केलेला यांना एकाच छेदात धरायचे का, असे त्या कोर्सचा अभ्यास करणाऱ्यांनीच पुढे विचारले. त्याहून बोलके उदाहरण सॅन होजे स्टेट विद्यापीठाचे. जानेवारी २०१३ मध्ये उडॅसिटी या ऑनलाइन कोर्स देणाऱ्या कंपनीसोबत सुरू केलेल्या कोर्सेसचा निकाल इतका खाली आला की जुलैत उपक्रम थांबवला गेला. तोवर चालू झालेल्या उन्हाळी सत्रात तोच निकाल एकदम उंचावला. तंत्रज्ञान सुधारले होते म्हणून? थोडेफार असेल. पण उन्हाळ्यात बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांकडे आधीच पदवी होती.

आपल्याकडे स्वयम् हा केंद्र सरकारचा ऑनलाइन कोर्सेसचा मंच जुलै २०१७ मध्ये रीतसर सुरू झाला. त्यावरचे श्रेयांक पदवीत धरण्याची मर्यादा आयोगाने २०१६ च्या नियमांत २० टक्के ठेवली होती, २०२१ मध्ये ती ४० टक्के झाली. मधल्या काळात टाळेबंदी आली. मार्च २०२० मध्येच चार्ल्स हॉजेस आणि सहकाऱ्यांनी इशारा दिला होता की घाईने घरून चालवलेल्या वर्गांना ऑनलाइन शिक्षण म्हणून मोजू नका. मोजायचेच तर परिस्थिती, साधने, प्रक्रिया आणि फलित या मूल्यमापनतज्ज्ञ स्टफलबीम यांच्या जुन्या चौकटीने मोजा, आणि पहिल्या तिन्हींकडे जास्त पाहा. आपण उलटे केले, फलित घेऊन बसलो. ते फलितही कसले? २८ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी ऑक्टोबरमध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्या, बहुतेक ऑनलाइन आणि बहुपर्यायी. त्या गुणपत्रिका २०१९ च्या शेजारी ठेवता येत नाहीत. त्यामुळे आज एखाद्या विभागाला ‘ऑनलाइन आल्यावर काय बदलले’ हे काढायचे असेल तर तुलनेला धड पाया नाही. तो नव्याने बांधावा लागेल. प्रवेश होताच कोणाकडे स्वतःचा लॅपटॉप आहे आणि कोण घरातल्या एकाच मोबाइलवर भागवतो, बारावी मराठीतून झाली की इंग्रजीतून, विषयाची आधीची तयारी किती, कोण नोकरी सांभाळून शिकतो, ही माहिती त्याच आठवड्यात घेतली तरच मिळते. निकाल लागल्यावर ती सांगायला मुले कॉलेजात नसतात.