जंगलात कॅमेरा न्यायचाय? परवानगी कुठे लागते, कुठे नाही

मोठी लेन्स घेतली की पहिला प्रश्न हाच: फोटो काढायला वेगळी परवानगी लागते का? तुम्ही कुठे उभे आहात, त्यावर ते ठरतं. भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जाताय? नावाड्याशी भाडं ठरवा आणि निघा. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चं कलम 28 आड येतं. प्रवेश कोणत्या कामासाठी देता येतो हे त्यात सांगितलंय. छायाचित्रण आणि पर्यटन दोन्ही त्यात आहेत. हौशी माणसाचं काम सफारीच्या तिकिटावर भागतं.

ताडोबाचंच घ्या. बुकिंग ऑनलाइन आणि नावानिशी. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाइड. बुकिंग करताना ज्या ओळखपत्राचा नंबर टाकलात तेच, आणि मूळ, गेटवर दाखवायचं. झेरॉक्सच्या भरवशावर जाऊ नका. पहाटेच्या अंधारात बॅटरीच्या उजेडात यादी आणि आधार कार्ड ताडून बघतात. न आलेल्या मित्राच्या जागी मेव्हण्याला बसवायचा बेत तिथेच फसतो. कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, मंगळवारी बंद, पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबरही बंद. कोअरमध्ये मोबाइल वापरायला बंदी आहे, म्हणून तिकिटाची छापील प्रत जवळ ठेवा. कॅमेरा शुल्क किती ते बुकिंगच्या वेळीच बघून घ्या. आणि ट्रायपॉड घरीच राहू द्या, जिप्सीत तो उघडायला जागा नसते. कॅमेरा टेकवायची बीनबॅग, म्हणजे कापडी पिशवी, रिकामीच न्या, मुक्कामाच्या गावात दोन किलो तांदूळ घेऊन भरा.

माहितीपट किंवा व्यावसायिक चित्रीकरण असेल तर तिकिटावर भागत नाही. अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, म्हणजे नागपूरला प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्या कार्यालयात. सोबत संहिता किंवा विषयाचं टिपण, ठिकाणं, तारखा, प्रत्येकाचं ओळखपत्र आणि उपकरणांची यादी जोडा. ड्रोन न्यायचा असेल तर तसं स्पष्ट लिहा, लपवू नका. 'वाघांवर माहितीपट' एवढंच लिहून पाठवू नका. कुठलं परिक्षेत्र, किती दिवस, किती माणसं, तेही हवं. 2022 च्या दुरुस्तीनं चित्रीकरणाचाही कलमात उल्लेख आला, पण अधिवासात बदल करायचा नाही आणि प्राण्यांना त्रास द्यायचा नाही, या अटीवर.

लोक अडकतात ते मात्र परवानगी लागतच नाही असं वाटतं तिथे, घरट्यापाशी. या कायद्याच्या 'शिकार' शब्दाच्या व्याख्येत रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं, आणि ते अभयारण्याच्या हद्दीपुरतं नाही. गावाबाहेरच्या माळावर टिटवी उघड्या खडीतच अंडी घालते, बहुधा चार, खड्यांत मिसळून जाणारी. उन्हाळ्यात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवते. तुम्ही मॅक्रो लेन्स लावून तिथे ओणवे झालात की ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालते, आणि तेवढा वेळ अंडी उन्हात तापत राहतात.