पेट्रोलही भरा, प्लगही लावा

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस ही दिसायला सभ्य आणि पळायला द्वाड गाडी. डिकीत सहाशे लिटर जागा, मागे घरची मंडळी ऐसपैस बसतील अशी सीट, आणि बॉनेटखाली दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. भारतात आरएस पहिल्यांदा २००४ मध्ये आली. पुढे २०२० मध्ये फक्त २०० आणि २०२५ मध्ये फक्त १०० गाड्या आल्या. रत्नागिरी-चिपळूणकडे ही गाडी रस्त्यावर क्वचितच दिसते, पण तिच्याबद्दल मत मात्र प्रत्येकाला असतं.

२०२० मध्येच युरोपात तिचं प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोलवरही आणि प्लग लावून भरलेल्या बॅटरीवरही चालणारं भावंड निघालं, आरएस आयव्ही. यात १.४ लिटरचं १५० पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती) पेट्रोल इंजिन आणि गियरबॉक्सच्या पोटातच बसवलेली ८५ किलोवॅटची, म्हणजे ११६ पीएसची विजेची मोटर. बेरीज २६६ व्हायला हवी, पण कंपनी २४५ सांगते. त्यात लबाडी नाही. इंजिनाचा जोर चढत्या आरपीएमला वाढतो, मोटरचा पहिल्या फेऱ्यापासून हजर असतो. दोघांचे कळस एका वेळी येत नाहीत, म्हणून नुसती बेरीज करून चालत नाही.

शौकिनांचं म्हणणं एका वाक्यात: मजा गेली. हिशेबी माणसांचं म्हणणं: रोजचं पेट्रोल वाचेल. आणि आमच्याकडचा खास प्रश्न असा, की पेट्रोलही भरायचं आणि रात्री प्लगही लावायचा, मग सुटका झाली कशापासून? तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. कुठलं कधी खरं ठरतं, ते मात्र गाडीपेक्षा रस्त्यावर अवलंबून आहे.

आधी शौकिनांचं बघू. त्या वर्षीची पेट्रोल आरएससुद्धा २४५ पीएसचीच होती. तरी शून्यापासून शंभरचा वेग गाठायला पेट्रोलवालीला ६.७ सेकंद आणि प्लग-इनला ७.३ सेकंद. टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा रेटा, तर प्लग-इनचा जास्त, ३७० ऐवजी ४०० न्यूटन-मीटर. मग मागे का पडली? वजन. १३ किलोवॅट-तासांची (म्हणजे वीजबिलातल्या १३ युनिटांची) बॅटरी, मोटर, इन्व्हर्टर, केबली हे सगळं धरून गाडी दीडशे किलोहून जास्त जड झाली. मागच्या सीटवर दोन धिप्पाड पाहुणे कायमचे बसवून ठेवल्यासारखं आहे हे. वर त्यांनी डिकीतलीही जागा खाल्ली, सहाशेची साडेचारशे लिटर झाली. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या घेऊन मुंबईला निघणाऱ्याला हा फरक सेकंदांच्या फरकापेक्षा जास्त बोचेल.

पेट्रोल जळत जातं तशी टाकी हलकी होते. बॅटरीचं तसं नाही. ती रिकामी झाली तरी तिचं वजन तसूभर कमी होत नाही. १३ किलोवॅट-तास म्हणजे नुसत्या ऊर्जेच्या हिशेबाने दीड लिटर पेट्रोलही नाही. मोटर मात्र त्या ऊर्जेचा बहुतेक भाग चाकांपर्यंत पोचवते आणि इंजिन दोन-तृतीयांशाहून जास्त उष्णतेत घालवतं, त्यामुळे प्रत्यक्षात ती बॅटरी चारेक लिटर पेट्रोलचं काम करते. तेवढ्यासाठी शंभराहून जास्त किलो वागवायचे की नाही, यावर भांडण आहे. वजनाची ही गोष्ट मोठ्या गाड्यांत आणखी ठळक होते. २०२४ ची बीएमडब्ल्यू एम५ हीही प्लग-इन हायब्रिडच. ती ७२७ पीएसची आहे आणि तिचं वजन २,४०० किलोंच्या वर आहे, आधीच्या एम५ पेक्षा पाचेकशे किलो जास्त. सरळ रस्त्यावर जोर वजनाला झाकून टाकतो. वळणावर झाकता येत नाही, कारण तिथे टायरला वजन धरून ठेवायचं असतं, आणि टायर इंजिनाचे आकडे वाचत नाही.

आता आमचा घाट. साखरप्याहून कोल्हापूरकडे निघालं की आंबा घाट लागतो. चढ साधारण पाचशे मीटर उंचीचा धरू, रस्ता बारा किलोमीटर, आणि माणसांसह गाडी १,९०० किलोंची. शाळेतलं सूत्र लावलं, वस्तुमान गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची, तर नुसतं वर चढायला सुमारे २.६ किलोवॅट-तास लागतात. टायरचं घर्षण, हवेचा विरोध आणि मोटरमधली गळती धरली की आकडा चारच्या आसपास जातो. बॅटरी १३ ची असली तरी तिचं आयुष्य राखायला गाडी साडेदहाच्या आसपासच वापरू देते. म्हणजे एका घाटात वापरण्याजोग्या चार्जचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग जातो. पण चढणं होतं मात्र देखणं. दुसऱ्या-तिसऱ्या गियरचा खेळ नाही, टर्बो जागा होण्याची वाट बघणं नाही. हेअरपिनसारख्या वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की गाडी त्याच क्षणी ओढते. मजा गेली म्हणणाऱ्यांनी एकदा इथे येऊन चालवावी.

उतारावर तर याहून गंमत आहे. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गियरमध्ये घाट चढलास त्याच गियरमध्ये उतर. त्यामागचं शास्त्र असं, की चढताना कमावलेले २.६ किलोवॅट-तास उतरताना कुठेतरी खर्ची पडायलाच हवेत. ब्रेकवर ते पडले की डिस्क तापते. घाटपायथ्याला टपरीजवळ थांबलेल्या ट्रकच्या चाकांतून जळक्या लायनिंगचा उग्र वास येतो, चाकावर ओतलेल्या पाण्याची चर्र होऊन वाफ होते, ती हीच ऊर्जा. प्लग-इनमध्ये मोटरचं काम उलटं होतं, ती जनरेटर होते. घर्षण आणि हवा आपला वाटा घेतात, उरलेल्यातला सत्तर टक्के परत मिळाला असं मानलं तर बॅटरीत सव्वा किलोवॅट-तास जमा होतो. तेवढ्यावर पुढे सपाटीला सात-आठ किलोमीटर फुकट. आणि घाट उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणजे मोटरवर सरासरी भार पाच ते सात किलोवॅट. ८५ किलोवॅटच्या मोटरला ते काहीच नाही. डिस्क जवळपास थंड राहतात.

एक मेख आहे. ऊर्जा परत घ्यायला बॅटरीत जागा हवी. घाटमाथ्यावरच्या आंबा गावात मुक्काम करून, हॉटेलात रात्रभर चार्जिंग करून सकाळी शंभर टक्के भरलेली गाडी घाटात घातली, तर मोटर म्हणणार, ठेवू कुठे? मग इंजिनाचा विरोध आणि ब्रेक यांवरच भिस्त. म्हणून डोंगरमाथ्यावर मुक्काम असेल तर ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर प्लग काढावा. आंबोलीलाही तेच. आयुष्यभर टाकी फुल्ल करून निघणाऱ्याला हे पचायला वेळ लागेल.

चाकरमान्यांचं गणित वेगळं. दादरहून भरल्या बॅटरीने निघालात तर कागदावरचे साठ किलोमीटर रस्त्यावर पन्नासही भरत नाहीत. पनवेल मागे पडलं की थोड्या वेळात वीज संपते, आणि पुढचे अडीच-तीनशे किलोमीटर त्या दोन पाहुण्यांना पेट्रोलवर ओढायचं. शहाणा माणूस तसं करत नाही. अशा गाड्यांत बॅटरी राखून ठेवायची सोय असते. सलग वेगाच्या रस्त्यावर इंजिन तसंही बऱ्या कार्यक्षमतेने चालतं, तिथे पेट्रोल जाळायचं, आणि राखलेली वीज गणपतीतल्या माणगावच्या कोंडीसाठी काढायची. तिथे इंजिन जागच्या जागी घुरघुरत पेट्रोल पितं, मोटर उभ्या गाडीत काहीच घेत नाही, एसी आपला बॅटरीवर चालू. तरीही वर्षात दोनदाच गावी येणाऱ्या आणि एरवी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये प्लग नसलेल्या माणसाने या वाटेला जाऊ नये. त्याला बिनाप्लगची साधी हायब्रिड बरी. इनोव्हा हायक्रॉस नाहीतर ग्रँड व्हिटारा आपल्यापुरती वीज आपणच करते आणि छोट्या बॅटरीत भागवते.

प्लग न लावणारे युरोपातही चिक्कार निघाले. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये नोंदलेल्या गाड्यांची रस्त्यावरची माहिती तपासून मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला. प्लग-इन हायब्रिडचा कार्बन डायऑक्साइड प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत हीच तफावत वीस टक्क्यांच्या आसपास होती. यंत्र खोटं नव्हतं. चाचणीत माणूस जितक्या वेळा चार्ज करेल असं गृहीत धरलं होतं, तितक्या वेळा तो करत नव्हता. आणि २०२४ मध्ये ऑक्टाव्हियाचा चेहरा बदलला तेव्हा प्लग-इन आरएस यादीतून गायब झाली. २६५ पीएसची पेट्रोल तेवढी राहिली.

तरी मी म्हणेन, कोकणात राहणाऱ्या माणसाला या यंत्रणेचा उपयोग चाकरमान्यापेक्षा कितीतरी जास्त. रत्नागिरी-पावस, देवरुख-संगमेश्वर अशी ये-जा एका चार्जमध्ये बसते. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर दहा अँपिअर ओढले तर २३० व्होल्टला २.३ किलोवॅट मिळतात, पाच-सहा तासांत बॅटरी भरते. युनिटला दहा रुपये धरले तर पन्नास किलोमीटरला सव्वाशे रुपयांच्या आत. पेट्रोलवर तेवढ्यालाच साडेतीनशेच्या वर. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो हे मात्र विसरू नये, गाडीचे युनिट वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. आणि वीज गेली तर पेट्रोल आहेच. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी वाड्यांनी दिवसच्या दिवस अंधारात काढले. अशा वेळी निव्वळ विजेची गाडी दारात नुसती उभी राहिली असती.

अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी, अर्थिंगमध्ये. चार्जर सुरू होण्याआधी अर्थ तपासतो, नीट नसेल तर लाल दिवा लावून बसतो. कातळावरच्या घरांत मे महिन्यात हे हमखास घडतं. जांभा कोरडा पडला की वीज जमिनीत सहज उतरत नाही. तीच जोडणी पहिल्या पावसानंतर आपोआप सुधारते आणि गाडी बिघडली होती असा समज पक्का होतो. उपाय जुनाच आहे. खड्डा खोल घ्यायचा, कोळसा आणि मीठ घालायचं, आणि वरून पाणी घालत राहायचं. वायरमनला हे सांगावंही लागत नाही.

किंमत हा विषय थोडक्यात आटपतो, कारण तिथे वाद नाही. सप्टेंबर २०२५ पासूनच्या दरांनुसार विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आणि मोठ्या हायब्रिडवर ४० टक्के. प्लग लावता येतो म्हणून सवलत नाही. त्यामुळे आपल्याकडे प्लग-इन म्हटलं की बीएमडब्ल्यू, रेंज रोव्हर अशीच नावं निघतात, घरगुती गाड्यांत कोणी हात घालत नाही.

एखाद्याने घेतलीच, आणि रोज विजेवरच पळवली, तर त्याने टाकीकडे लक्ष ठेवावं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यात आमची आषाढातली हवा. साध्या गाडीत टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिन वेळोवेळी शोषून घेतं. इथे इंजिन दिवसेंदिवस बंद, म्हणून टाकी सीलबंद आणि दाब सोसणारी केलेली असते. पंपावर झाकण लगेच उघडत नाही. बटण दाबायचं, आतला दाब उतरेपर्यंत थोडं थांबायचं, मग खटका सुटतो. मागच्या रिक्षावाल्याचा हॉर्न तोवर वाजतोच. काही गाड्या तर पेट्रोल फार दिवस पडून राहिलं की चार्ज असतानाही आपणहून इंजिन चालू करून ते जाळतात. पावसाळ्यात टाकी गच्च भरून ठेवण्यापेक्षा घाट ओलांडून परत येण्यापुरतं पेट्रोल ठेवावं, आणि महिन्यातून एखादा रविवार चिपळूणहून कुंभार्ली चढून इंजिनाला पोटभर पळू द्यावं.