थरांच्या स्टेन्सिलमागची गोष्ट: बेट, पूल आणि संत्र्याची फोड

शुभेच्छापत्रावर एक नागपुरी संत्रे छापायचे तर निदान चार स्टेन्सिल (आकार कापून काढलेले पातळ साचे, ज्यांतून रंग लावतात) लागतात: सालीचा फिका केशरी, सावलीचा गडद केशरी, पान आणि पानाच्या शिरा. हे सगळे एकाच स्टेन्सिलमध्ये का बसत नाही, हा प्रश्न फार जुना आहे.

कापलेल्या आकाराच्या आत दुसरा आकार राहिला की तो निखळून पडतो. हे बेट. ते धरून ठेवायला मध्ये बारीक पट्टी सोडावी लागते, तो पूल. पुलाखालचा कागद कोराच राहतो, म्हणून पत्र्याच्या छापाने काढलेले अक्षर लांबूनही तुटक दिसते. कापसाच्या गाठींवर असेच मार्के उमटवत. तिथे तुटक अक्षर खपून जाते, शुभेच्छापत्रावर नाही.

जपानी कारागिरांनी यावर भन्नाट उपाय काढला. तुतीच्या सालीचे कागद पर्सिमॉन या फळाच्या तुरट रसाने चिकटवून ते कातागामी नावाची स्टेन्सिल बनवत आणि तिच्यातून कापडावर रंग अडवणारी तांदळाची खळ लावत. नक्षी फार नाजूक असली तर दोन कागदांच्या मध्ये रेशमाचे धागे घालत. धागा इतका बारीक की त्याच्या खालीही खळ पोचते. पूल आहे, पण दिसत नाही. जपानमधले सुझुका शहर आजही या कामासाठी ओळखले जाते.

दुसरा उपाय थरांचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात मुलींना ‘थिअरम पेंटिंग’ शिकवत: पांढऱ्या मखमलीवर फळाफुलांची चित्रे. नियम एकच, चित्रातले लागून असलेले दोन भाग एका स्टेन्सिलमध्ये कापायचे नाहीत. पहिल्या थरात राहिलेली फट दुसरा थर भरतो. आजचे थरांचे कार्ड याच नियमावर चालते. पुढे पॅरिसमध्ये ‘पोश्वार’ पद्धतीत जस्ताच्या किंवा तांब्याच्या पातळ पत्र्यातून एकेका चित्रासाठी अनेक स्टेन्सिल कापल्या जात. झाँ सोदे यांनी १९२५ साली त्यावर सविस्तर ग्रंथच काढला.

लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली यांच्याकडून चित्र काढून घेतलेले नाताळचे कार्ड शिळाछाप होते, रंग मात्र हाताने भरलेले. छापील शुभेच्छापत्राची सुरुवात अशी अर्धी हातकामाचीच.

नागपुरात ‘स्टेन्सिल’ म्हटले की जुन्या लोकांना सायक्लोस्टाईल, म्हणजे मेणाच्या स्टेन्सिलमधून शाई दाबून प्रती काढण्याची पद्धत, आठवते. १९५६ पर्यंत हे तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर. कचेऱ्यांतली परिपत्रके मेणाच्या स्टेन्सिलवर टाइप होत. त्यात ‘व’चे पोट, म्हणजे अक्षराच्या आतली बंद जागा, निखळत नसे, कारण टाइपाच्या ठोक्याने फक्त मेण सरकते आणि खालच्या विरळ कागदाचे लांब तंतू शाबूत राहतात. रेशमाच्या धाग्याचेच काम ते करतात.

हाताने कापताना ही सोय नाही, आणि देवनागरी इथे खोडी काढते. शिरोरेषेमुळे ‘प’, ‘म’ वरून बंद होतात. शिरोरेषा दुसऱ्या स्टेन्सिलमध्ये कापली की दोन्ही मोकळे, पुलाची गरजच नाही. ‘व’, ‘ब’ची पोटे तरीही पूल मागतात, तो पूल मग तिसऱ्या थरात झाकायचा. ‘शुभेच्छा’पेक्षा ‘नमस्कार’ कापायला सोपा असे वाटते, पण त्यातल्या ‘क’लाही पोट आहेच.

कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन), चकाकी नसलेला कागद घ्यावा. ए-४ कागद अर्धा कापून दुमडला की ए-६ आकार होतो. स्टेन्सिलला ओएचपी शीट (प्रोजेक्टरसाठीचे पारदर्शक प्लॅस्टिक) किंवा धुऊन स्वच्छ केलेली जुनी एक्स-रे फिल्म चालते. पुठ्ठ्यावर काटकोनात दोन पट्ट्या चिकटवून प्रत्येक वेळी कार्डाचा तोच कोपरा त्यात टेकवायचा. थर नेमके बसण्याची निम्मी हमी तिथेच मिळते. फिका रंग आधी, गडद नंतर. स्पंजवर शाई घेतली की आधी रद्दी कागदावर टिपायची, मग स्टेन्सिलच्या प्लॅस्टिकवरून गोल फिरवत उघड्या भागाकडे यायचे. कडेखाली शाई पसरली तर दोष बहुतेक वेळा ओल्या स्पंजाचा असतो, स्टेन्सिलचा नव्हे.

मे महिन्यात मात्र कूलर घात करतो. कोरड्या उन्हाळ्यात शाईचे पॅड लवकर सुकते म्हणून कूलरसमोर बसावे, तर ओल्या हवेने कागद फुगतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त. सकाळी पानाचा थर आणि रात्री कूलरसमोर शिरा, असे केले की शिरा पानाच्या बाहेर डोकावतात. सगळे थर एकाच बैठकीत, पंख्याखाली उरकावेत. पावसाळ्यात अडचण उलटी: पिगमेंट शाई (रंगकणांची, कागदावर बसणारी) तासन्‌तास ओली राहते आणि पुढची स्टेन्सिल ठेवताच फासते. तेव्हा डाय शाई (कागदात मुरणारी) बरी, फक्त ते कार्ड उन्हाच्या खिडकीत ठेवू नये, रंग उडतो.