कॉइलची तार आणि वात

व्हेपिंगच्या उपकरणात, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, द्राव तापवणारा भाग म्हणजे कॉइल. तयार मिळणारी कॉइल जळकट लागू लागली की फेकून देतात. पुनर्बांधणीच्या उपकरणात वापरणारा स्वतः तारेचे वेटोळे वळतो, त्याचे दोन पाय खांबांत स्क्रूने आवळतो आणि पोटातून तंतूंची वात ओढून घेतो. तारेतून वीज गेली की ती तापते, वातीने वर चढवलेला द्राव उकळतो आणि सूक्ष्म थेंबांचा धूसर झोत बाहेर येतो. त्याला वाफ म्हणण्याची रीत पडली आहे, पण तो हवेत तरंगणारा तुषार असतो. कोणती तार आणि कोणती वात घ्यावी, हा या नोंदीचा विषय. त्याचा कायदा आणि धोका पुढे आलाच आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील मराठी घरांत या दोन्ही वस्तू वेगळ्या नावाने पूर्वीपासून आहेत. शेगडीची तुटलेली ‘स्प्रिंग’ ओढून पुन्हा खाचेत बसवलेली अनेकांनी पाहिली असेल. ती नायक्रोमची तार. वातीचे ज्ञान त्याहून जुने. समईची वात फार घट्ट वळली तर तेल चढत नाही, सैल वळली तर भडकते आणि काजळी धरते, हे सांगायला इथल्या कोणत्याही आजीला केशाकर्षणाचा (बारीक तंतूंमधून द्रव आपोआप वर चढण्याचा) धडा वाचावा लागत नाही. कॉइलचे सगळे शास्त्र या दोन अनुभवांच्या मध्ये कुठेतरी बसते. तार जेवढी उष्णता देईल तेवढा द्राव वातीने त्याच वेगाने आणून दिला पाहिजे.

तापवण्याच्या तारेला उच्च रोधकता, म्हणजे विजेला अडवण्याचा गुण, लागते आणि तापल्यावर गंज न धरण्याची ताकद लागते. या दोन्ही गोष्टी एकत्र देणारे पहिले यशस्वी संमिश्र म्हणजे नायक्रोम. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि त्यातूनच विजेची इस्त्री, टोस्टर, शेगडी ही उपकरणे घरगुती वापरात रुळली. नेहमीच्या प्रकारात निकेल सुमारे ८० टक्के आणि क्रोमियम २० टक्के असते. दुसरे संमिश्र कँथल. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचे हे मिश्रण १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये हान्स फॉन कांत्झो यांनी विकसित केले. त्यात निकेल नसते. कँथलची रोधकता नायक्रोमपेक्षा जास्त (सुमारे १.४५ विरुद्ध १.१ मायक्रोओहम-मीटर), म्हणजे तेवढ्याच रोधासाठी तार कमी लागते. नायक्रोम किंचित लवकर तापते आणि वळायला मऊ असते. कँथल ताठ, पण लाल होईपर्यंत तापवली तरी तक्रार करत नाही. तिच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ, वीजरोधक थर चढतो, त्यामुळे एकमेकांना चिकटलेले फेरेही चालतात. पहिल्यांदा कॉइल वळणाऱ्याने कँथलच घ्यावी असे म्हणतात, आणि ते बरोबर आहे.

तिसऱ्या गटात स्टेनलेस स्टील (बहुधा ३१६ एल प्रकार), शुद्ध निकेल आणि टायटेनियम येतात. तापमान वाढले की यांचा रोध ठळकपणे वाढतो: शुद्ध निकेलचा दर शंभर अंशांमागे सुमारे ६० टक्के, टायटेनियमचा सुमारे ३५ टक्के, ३१६ एल स्टीलचा सुमारे ९ टक्के. उपकरणातील चिप हा बदल मोजून तारेचे तापमान ओळखते आणि ठरलेल्या मर्यादेला वीज कमी करते. कँथल आणि नायक्रोमचा रोध हजार अंशांपर्यंतही जेमतेम चार-पाच टक्के हलतो, म्हणून तापमान-नियंत्रणाला ती कामाची नाहीत. स्टील तापमान-नियंत्रणासह आणि त्याविनाही चालते, हा त्याचा गुण. निकेल आणि टायटेनियम मात्र कोरडे तापवून कधीच लाल करायचे नसतात. टायटेनियमवर त्याच्या ऑक्साइडची पांढरी भुकटी धरते, आणि निकेल मऊ असल्याने फेऱ्यांचा आकार बिघडतो. खोट्या कुड्यांनी ज्यांचा कान चिघळतो त्यांना निकेलचे वावडे असण्याची शक्यता मोठी. अशांना नायक्रोम आणि निकेल तर नाहीच, पण स्टीलही निर्धास्तपणे देता येत नाही, कारण ३१६ एलमध्ये १० ते १४ टक्के निकेल असते.

तारेची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि आपल्याकडे खरा घोटाळा इथेच होतो. कॉइलचे बहुतेक तक्ते अमेरिकन गेजचे असतात, तर आपल्या दुकानांत मोटार रिवाइंडिंगपासून शेगडीपर्यंत सगळा व्यवहार ब्रिटिश स्टँडर्ड गेजवर, म्हणजे एसडब्ल्यूजीवर चालतो. आकडा एकच, तार वेगळी. २६ गेज अमेरिकन मोजणीत ०.४०५ मिमी, ब्रिटिश मोजणीत ०.४५७ मिमी, २८ गेज अनुक्रमे ०.३२१ आणि ०.३७६ मिमी. फरक केसाएवढा वाटतो, पण रोध जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ३ मिमीच्या सळईवर कँथलचे आठ फेरे घेतले आणि पायांसाठी एक सेंटिमीटर धरला, तर साधारण साडेनऊ सेंटिमीटर तार लागते. अमेरिकन २६ गेजमध्ये तिचा रोध १.०८ ओहम येतो, ब्रिटिश २६ गेजमध्ये ०.८६. त्याच मापात नायक्रोम ०.८२ आणि स्टील ०.५६ ओहमच्या आसपास बसते. तेव्हा गेज विचारण्यापेक्षा मायक्रोमीटर लावून जाडी मिलिमीटरमध्ये मोजावी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही टर्नरकडे तो खिशात असतो.

वजनावर विकल्या जाणाऱ्या, वेष्टन नसलेल्या तारेचा धातू ओळखायचा झाला तर लोहचुंबक लावून पाहावा. कँथलला चुंबक धरतो, नायक्रोमला धरत नाही, ३१६ एल स्टीलला जवळजवळ नाही. ही अंतिम परीक्षा नव्हे, कारण चुंबक साध्या लोखंडी तारेलाही धरतो. सेंट्रिंगला वापरतात ती बाइंडिंग तार किंवा जस्त चढवलेली जीआय तार कॉइलला लावणे हा निव्वळ अविचार. जस्त ४१९ अंशांना वितळते, तारेचा रंग लाल होईतो त्याचा धूर निघू लागतो आणि तो श्वासात गेला की थंडी वाजून ताप येतो. पितळ ओतणाऱ्या फाउंड्रीतल्या कामगारांना हा ताप ओळखीचा आहे. तांब्याची तारही नको. वरच्याच मापात तिचा रोध ०.०१ ओहमच्या आसपास येईल, म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट.

जाड तारेभोवती बारीक तार गुंडाळून केलेल्या प्रकाराला क्लॅप्टन म्हणतात. गिटारच्या जाड तारेवर असेच वेष्टन असते, म्हणून एरिक क्लॅप्टन या गिटारवादकाचे नाव त्याला पडले. पृष्ठभाग वाढतो, खाचांत द्राव साठतो आणि चव दाट होते असे सांगतात. पण तारेचे वस्तुमान वाढल्याने ती तापायला आणि निवायलाही वेळ घेते. याच्याही पुढचे पिळाचे, वेणीचे, पट्टीचे नमुने आहेत. त्यांत कारागिरी जास्त आणि उपयोग थोडा.

आता वात. सुरुवातीच्या उपकरणांत सिलिकाची, म्हणजे काचेसारख्या तंतूंची दोरी असे. ती जळत नाही, पण द्राव हळू ओढते आणि जुनी झाली की तिचे तंतू तुटतात. ते फुप्फुसात जाण्याची भीती आणि कापसाची सोय, या दोन कारणांनी ती मागे पडली. आज वात म्हटले की कापूसच. तरी कापूस म्हणजे कोणताही कापूस नव्हे. सौंदत्ती-बैलहोंगलकडच्या शेतातला सरकी काढलेला कच्चा कापूस पाण्यावर टाकला तर तो तरंगत राहतो, कारण प्रत्येक तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो. क्षारात उकळून मेण काढले आणि विरंजन (ब्लीचिंग) केले की तोच कापूस पाणी पिऊ लागतो. औषधाच्या दुकानातला शोषक कापूस तो हाच. म्हणून देवापुढच्या फुलवातीसाठी घरचा कापूस चालतो (तेल मेणाला परके नाही), पण ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या द्रावाला तो चटकन भिजत नाही. विरंजनाची रसायने राहिलेली नकोत म्हणून अनेक जण विरंजन न केलेला, फक्त मेण काढलेला कापूस निवडतात. पहिल्या काही झुरक्यांना त्याची गवतासारखी चव लागते.

रेयॉनची वातही वापरतात. रेयॉन हा लाकडाच्या लगद्यापासून केलेला सेल्युलोज, तेव्हा मूळ द्रव्य कापसाचेच. तो द्राव जलद ओढतो, पण ओला झाला की ताठपणा सोडतो, म्हणून कापसापेक्षा दाटून भरावा लागतो. उशीतला पॉलिस्टर मात्र चुकूनही नको. तो अडीचशे अंशांच्या पुढे वितळतो. सूत जाळून पाहण्याची विणकरांची परीक्षा इथे उपयोगी पडते. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागवाल्या घरांत ती पोरांनाही ठाऊक असावी: कापूस कागद जळाल्यासारखा वास देऊन मऊ राख सोडतो, पॉलिस्टर आक्रसून काळा कडक मणी बनतो. कापूस आणि रेयॉन यांतला फरक मात्र या परीक्षेने कळत नाही, दोन्ही सारखेच जळतात.

वात किती भरावी याचे माप हाताला समजते. कोरडी वात वेटोळ्यातून ओढताना थोडी अडली पाहिजे, पण तिच्याबरोबर वेटोळे सरकता कामा नये. घट्ट भरली तर केशाकर्षण गुदमरते. सैल भरली तर तारेला मध्येच कोरडी जागा मिळते आणि द्राव खालून गळतो. टोके विंचरून विरळ करतात आणि द्रावाच्या खाचेत नुसती टेकवतात, कोंबत नाहीत. कंदिलाची नवी पट्टी बसवल्यावर लगेच काडी लावत नाहीत, तिला रॉकेल प्यायला वेळ देतात. इथेही तेच. ग्लिसरीन जास्त असलेला द्राव दाट असतो आणि बेळगावच्या पौषातल्या पहाटे आणखी दाटतो. खोबरेलासारखा थिजत नाही इतकेच. अशा वेळी उन्हाळ्यात नीट चालणारी वात अचानक करपू लागते आणि दोष तारेला दिला जातो.

करपण्याचे कारण आकड्यांत पाहता येते. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळते, ग्लिसरीन २९० अंशांना. द्राव असेपर्यंत त्याच्या उकळण्यातच उष्णता खर्च होते आणि तारेचे तापमान याच पट्ट्यात राहते. द्राव संपला की काही सेकंदांत ते कितीतरी वर जाते, कापूस करपतो आणि तापलेल्या ग्लिसरीनपासून ॲक्रोलीन बनते. करपलेल्या फोडणीने घशाला जो ठसका लागतो, त्यातही हाच पदार्थ असतो. करपलेली वात बदलावी लागते, तिला दुसरा उपाय नाही.

विजेचे गणित ओहमच्या नियमाचे. पूर्ण भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो. १.०८ ओहमच्या कॉइलमधून सुमारे ४ अँपियर जातात आणि १६ वॉट उष्णता मिळते; अर्ध्या ओहमला ८.४ अँपियर आणि ३५ वॉट, ०.२ ओहमला २१ अँपियर. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेले अनेक सेल इतका प्रवाह सोसण्यासाठी बनवलेले नसतात. चिप नसलेल्या साध्या नळीच्या उपकरणात चूक रोखायला मध्ये काहीच नसते, सेल तापून फुटू शकतो. नवी कॉइल आधी रोधमापकावर न तपासता सेलला जोडू नये, हा नियम म्हणूनच अपवादाशिवाय पाळतात.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. कर्नाटकाने २०१६ मध्येच ई-सिगारेटवर बंदी घातली होती. १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने आणि त्याच वर्षीच्या केंद्रीय कायद्याने ती देशभर लागू झाली. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात या सगळ्यांना बंदी आहे. मनाई पूर्ण वस्तूपुरती थांबत नाही, तिच्या कोणत्याही भागालाही आहे. निकोटीन नसले तरी सुटका नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठ्याला जागा देणेही गुन्हा आहे. स्वतः ओढण्याला या कायद्यात वेगळी शिक्षा नाही. दारूचे नियम आणि कर गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र या तिन्हीकडे निराळे असल्याने सीमाभागात हद्द ओलांडण्याला अर्थ असतो. इथे मात्र महाराष्ट्राकडे कोगनोळी नाका ओलांडा किंवा गोव्याकडे चोर्ला घाट उतरा, कायदा एकच. शेगडीसाठी घेतलेली नायक्रोम आणि औषधी कापूस यांच्यावर अर्थातच कोणतेही बंधन नाही. तीच तार कॉइल म्हणून वळून विकली की गुन्हा.

ज्या भागाची ओळखच तंबाखू आहे तिथे या बंदीकडे संशयाने पाहिले जाते, हे नोंदवले पाहिजे. निपाणीची बाजारपेठ विडीच्या तंबाखूवर उभी राहिली, विड्या वळणाऱ्या बायकांची बोटे तिथल्या घरांचा चरितार्थ चालवत आली, आणि १९८१ मध्ये शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी तिथे महामार्गावर बसले. विडी मोकळी आणि कॉइल बंद, यात धोरणाची विसंगती आहे असे प्रस्तुत लेखकालाही वाटते. पण त्यावरून कॉइल निरुपद्रवी ठरत नाही.

व्हेपिंगच्या तुषारात निकेल, क्रोमियम, शिसे यांचे अंश सापडले आहेत. धातूचा मोठा वाटा तापणाऱ्या तारेतून आणि जोडणीच्या डाकातून (सोल्डरमधून) येतो, त्यामुळे तारेची निवड ही चवीपुरती बाब राहत नाही. निकोटीनचे व्यसन तर कोणत्याही तारेने आणि कोणत्याही वातीने लागते. अमेरिकेत २०१९ मध्ये फुप्फुसाच्या तीव्र इजेची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. तिचा प्रमुख दोषी तार किंवा वात नव्हती. गांजाच्या अर्काच्या काडतुसांत दाटपणासाठी मिसळलेले ई जीवनसत्त्वाचे ॲसिटेट हे त्याचे कारण निघाले. त्वचेला लावायला किंवा गोळीतून घ्यायला चालणारा तो तेलकट पदार्थ तापवून श्वासात घेतला की फुप्फुसाला इजा करतो. द्रावात खाद्यतेल किंवा अत्तराचे तेल मिसळू नये, ही सूचनाही तेल फुप्फुसात जाऊन बसते म्हणूनच देतात.