जूनमध्ये वाढ, डिसेंबरमध्ये घट: एका दाव्याची दोन गोलार्धांतून तपासणी

कृष्णद्रव्याच्या, म्हणजे दिसत नाही पण गुरुत्वाकर्षणातून जाणवतं अशा द्रव्याच्या, शोधात अनेक देश एकत्र येतात, त्याला खर्चाची वाटणी हे एक कारण आहेच. कण आदळला की चमकणाऱ्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे प्रयोग जगाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा करून पाहिल्याशिवाय उत्तरच मिळत नाही.

आकाशगंगेभोवती कृष्णद्रव्याचं विरळ आवरण आहे आणि सूर्य त्यातून सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने जातो. पृथ्वी सूर्याभोवती ३० किलोमीटर वेगाने फिरते, पण तिची कक्षा कललेली असल्यामुळे यातले साधारण १५ किलोमीटरच कधी सूर्याच्या वेगात मिळतात, तर कधी त्यातून वजा होतात. बेरीज २ जूनच्या आसपास सर्वाधिक असते. म्हणजे कृष्णद्रव्याचे कण स्फटिकातल्या अणुकेंद्रांवर आदळत असतील, तर धडका जूनमध्ये थोड्या वाढायला आणि डिसेंबरमध्ये कमी व्हायला हव्यात.

इटलीत ग्रान सासो डोंगराखालच्या डामा गटाला नेमकं हेच दिसलं, तेही वीसहून अधिक वर्षं; हे कृष्णद्रव्यच, असा त्यांचा दावा आहे. त्यांच्या लिब्रा संचात प्रत्येकी ९.७ किलोचे २५ स्फटिक होते. २ ते ६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं एकक) या पट्ट्यातला हा चढउतार एकूण नोंदींच्या सुमारे एक टक्का. संख्याशास्त्राच्या दृष्टीने भक्कम. पण वर्षाच्या तालावर चालणाऱ्या गोष्टी पृथ्वीवर कमी नाहीत. उन्हाळ्यात वरचं वातावरण तापून विरळ होतं, त्यामुळे वैश्विक किरणांतून जन्मणारे पायॉन नावाचे अल्पायुषी कण हवेतल्या अणूंवर आदळण्याआधीच विघटित होतात आणि त्यांतून तयार होणारे, जमिनीत खोलवर पोहोचणारे म्युऑन कण वाढतात. भूमिगत जागेतला किरणोत्सर्गी रेडॉन वायू, तापमान, आर्द्रता यांचेही ऋतू असतात.

यावरचा उपाय सरळ आहे: दक्षिण गोलार्धात मोजा. तिथे ऋतू उलटतात, २ जून मात्र २ जूनच राहतो. डीएम-आइस गटाने २०१० मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात सुमारे अडीच किलोमीटर खोल १७ किलो स्फटिक सोडले. निकाल लावायला ते फार थोडे होते. पुढे हा गट दक्षिण कोरियातल्या गटाला मिळाला आणि यांगयांगच्या भूमिगत प्रयोगशाळेत १०६ किलोचा कोसाइन-१०० उभा राहिला. स्पेनमध्ये कानफ्रांकला ॲनाइस-११२ आहे: साडेबारा किलोचे नऊ स्फटिक, २०१७ पासून. हे दोन्ही उत्तर गोलार्धातले. दक्षिणेत, ऑस्ट्रेलियात स्टॉवेलच्या सोन्याच्या खाणीत, एक किलोमीटरहून थोडं खोल, सेबर प्रयोगाची जागा आहे.

खरी मेहनत स्फटिक शुद्ध करण्यात जाते. सोडियमबरोबर पोटॅशियम हमखास येतं. त्यातलं पोटॅशियम-४० विघटित होताना ३.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची चमक सोडतं, म्हणजे नेमकी त्याच पट्ट्यात. तिच्यासोबत १,४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण निघतो, म्हणून कोसाइनने स्फटिकांभोवती चमकणाऱ्या द्रवाचं आवरण ठेवलं. गॅमा त्यात सापडला की ती नोंद बाद. स्फटिक जमिनीवर जितका काळ राहतो, तितकं वैश्विक किरणांमुळे त्यात ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) तयार होतं, आणि ते नंतर काढता येत नाही. शिवाय सोडियम आयोडाइड ओलावा शोषतं, त्यामुळे तांब्याच्या हवाबंद आवरणातून तो उघडा काढायची सोय नाही.

विश्लेषणातही एक सापळा आहे. किरणोत्सर्ग वर्षानुवर्षं हळूहळू ओसरतो. प्रत्येक वर्षाची सरासरी वेगळी काढून वजा केली, तर उरलेल्या नोंदी करवतीच्या दात्यांसारख्या दिसतात आणि त्यातून खोटा वार्षिक चढउतार निघू शकतो. कोसाइन गटाने स्वतःच्या नोंदींवर ही पद्धत लावून तसा चढउतार काढून दाखवला. मात्र त्याची दिशा डामाच्या उलटी निघाली, त्यामुळे एवढ्यावर कोडं सुटत नाही.

ॲनाइस आणि कोसाइनने आपापल्या तीन वर्षांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. डामाचा चढउतार त्यांत दिसला नाही. दावा टिकायची शक्यता आता फारच कमी वाटते. तरी एक पळवाट उरते. धडक बसलेलं अणुकेंद्र, तेवढ्याच ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनच्या मानाने, थोडाच प्रकाश देतं. सोडियमसाठी डामाने हे प्रमाण ०.३ धरलं, नंतरच्या अनेक मोजमापांत ते ०.२ च्या आसपास किंवा त्याहून कमी आलं. ते स्फटिकागणिक खरोखरच बदलत असेल, तर दोन प्रयोगांचे ऊर्जापट्टे एकमेकांवर नीट बसत नाहीत. म्हणून आता हे गट न्यूट्रॉनचा झोत मारून आपापल्या स्फटिकांचं हे प्रमाण एकाच पद्धतीने मोजण्याच्या मागे आहेत.