ऊन-वारा मोजून बांधलेलं घर

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मोनॅकोपासून जवळच, रोकब्रून-काप-मार्तँ इथल्या खडकाळ उतारावर सपाट छताचं एक पांढरं घर आहे. त्याचं नाव ‘ई-१०२७’. एखाद्या यंत्राचा क्रमांक वाटावा असं हे नाव, पण त्यात दोन माणसांची आद्याक्षरं एकमेकांत गुंफली आहेत. ‘ई’ आयलीनचं, १० म्हणजे रोमन मुळाक्षरांतलं दहावं, जाँचं ‘जे’, २ म्हणजे बादोविचीचं ‘बी’ आणि ७ म्हणजे ग्रेचं ‘जी’. आयलीन ग्रे ही आयरिश डिझायनर, तर जाँ बादोविची वास्तुकलेच्या नियतकालिकाचा संपादक. १९२६ ते १९२९ या काळात तिने त्याच्यासाठी हे उन्हाळी घर उभारलं. वास्तुरचनेचं रीतसर शिक्षण तिने घेतलं नव्हतं. पण जागेवरचं ऊन कुठून कुठे सरकतं आणि वारा कुठून येतो, हे तिने आधी नीट पाहून घेतलं.

ही जागा साधारण ४४ अंश उत्तर अक्षांशावर येते. तिथे २१ जूनच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ७० अंश वर असतो. डिसेंबरच्या त्याच सुमारास जेमतेम २३ अंश. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर थोडं कापडी छत पुढे ओढलं, की उन्हाळ्यातलं डोक्यावरचं ऊन बाहेरच अडतं आणि हिवाळ्यातलं तिरपं ऊन मात्र खोलीत लांबवर येतं. ग्रेने मुख्य खोली समुद्राकडे, दक्षिणेला उघडली आणि तिला घडी घालून बाजूला सारता येतील अशा काचेच्या झडपा बसवल्या. गच्चीच्या कठड्याला भिंत न घालता कॅनव्हास लावला. हिवाळ्यात तो काढला, की बसलेल्या माणसाच्या पायांवर ऊन येतं. माणसाच्या पायांचा इतका विचार! मला या घरातली सगळ्यात लोभस गोष्ट हीच वाटते.

वाऱ्याचंही तसंच. पाणी तापायला जमिनीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. म्हणून दिवसा आधी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा आत शिरते. हेच आपण शाळेत शिकलेले खारे वारे. रात्री उलट दिशेने वाहतात ते मतलई. पट्ट्यांच्या सरकत्या झडपा ऊन अडवतात, पण या वाऱ्याला वाट मोकळी ठेवतात.

घरासाठी केलेलं छोटं गोल टेबलही बघण्यासारखं आहे. स्टीलच्या नळीचा आधार एकाच बाजूला, त्यामुळे पाया पलंगाखाली सरकतो आणि काच थेट मांडीवर येते. उंची कमीजास्त करता येते. अंथरुणात नाश्ता करायला आवडणाऱ्या बहिणीसाठी तिने ते केलं, असं सांगतात.

ग्रे लवकरच तिथून निघून गेली. १९३८-३९ मध्ये ल कॉर्ब्युझिए या नामवंत वास्तुरचनाकाराने तिला न विचारता पांढऱ्या भिंतींवर मोठी चित्रं काढली. तिला तो घरावरचा घाला वाटला, आणि मला तिचंच म्हणणं पटतं. पुढे कित्येक वर्षं घराचं श्रेयही इतरांना मिळत राहिलं.

भिंतींच्या आत मात्र वेगळंच काही चाललं होतं. ताजं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं, त्याचा सामू १२ ते १३. त्यामुळे त्याच्या आतल्या लोखंडी सळईवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि गंज रोखून धरतो. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं क्लोराइड बारीक छिद्रांतून सळईपर्यंत पोचलं, की तो थर फुटतो. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. आतून दाब वाढतो, काँक्रीटला चीर पडते आणि त्या चिरेतून आणखी मीठ आत जातं. खोल्यांना गारवा देणारा वाराच घराची हाडं पोखरत होता.

१९९९ मध्ये किनारा जपणाऱ्या फ्रेंच सरकारी संस्थेने घर विकत घेतलं. अशा कामात सुटलेलं काँक्रीट काढावं लागतं, सळई घासून स्वच्छ करावी लागते. कधी सळईला सौम्य वीजप्रवाह देऊन गंजण्याची रासायनिक क्रियाच थोपवली जाते. २०२१ मध्ये जीर्णोद्धार पूर्ण झाला. ल कॉर्ब्युझिएची काही चित्रं अजूनही भिंतींवर आहेत, आणि मुख्य खोलीच्या झडपा पुन्हा समुद्राकडे उघडतात.